चूलबंद आवतन

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, सहजासहजी फसणाऱ्यांतले नव्हते. हळद घ्यायची तर आधी एक हळकुंड दाताखाली धरून मोडायचे, आतला रंग उजेडात धरून बघायचे आणि मगच पोत्याला हात लावायचे. वडवणीचं घर घेतानाही त्यांनी तसंच केलं. भिंत कुणाच्या हद्दीत आहे, माळवदाचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, मागच्या बोळातून गुरं नेण्याची वाट कुणाची आहे, विकणाऱ्याच्या भावकीत सही करायला कोण कोण उरलं आहे, सगळं विचारलं. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना चतुःसीमेवर उभं करून त्यांच्या तोंडून हद्द वदवून घेतली. ‘घर पाहावं बांधून’ असं लोक म्हणतात. बांधलेलं घर विकत घेणाऱ्यानं काय काय पाहावं हे कुठल्या म्हणीत सांगितलेलं नाही, पण आप्पांना ते सगळं पाठ होतं. त्यांनी एकच गोष्ट अर्धी विचारली. त्या अर्ध्या गोष्टीपायी आमच्या घरात जे घडलं ते मी आता लिहून ठेवते आहे. माझ्या नातवंडांना वाटतं आजी देवाधर्माचं लिहिते. वाटू द्या.

त्याआधी आम्ही दिंद्रुडला राहायचो. आप्पांना दुकान नव्हतं. मीठ, मिरची, हळद, सुपारी, खोबरं असा माल तट्टावर लादून ते बाजार करायचे. आज वडवणी, उद्या आणखी कुठं, परवा नेकनूर. घरी आले की तट्टाचा आणि त्यांचा घामाचा वास सारखाच यायचा, आणि माय त्यांना उंबऱ्याबाहेरच पाय धुवायला लावायची. पुढं त्यांना हिवताप जडला. दर चार दिवसांनी थंडी भरायची, तीन घोंगड्या अंगावर टाकल्या तरी दात वाजायचे. एकदा बाजारातून येताना ते ओढ्याच्या काठावर पडून राहिले आणि तट्टू एकटंच घरी आलं. माय दारातून अनवाणी पळत सुटली, ती मला अजून दिसते. त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला, ‘आता एका जागी बसा. दार वाटंवर असल असं घर बघा अन् दारात दुकान मांडा.’

वडवणीत मन्मथप्पाचं घर विकायला निघालं होतं. माणूस आमच्यातलाच, लिंगायत वाणी, पण जुगाराच्या नादानं कामातून गेलेला. घर मोठं नव्हतं. पुढं दारालगतची ढेळज, मधे चौक, मागं स्वयंपाकाचं आणि धान्याच्या बळदाचं घर, वर मातीचं माळवद. पण ढेळजेच्या डाव्या हाताला एक खोली होती, आणि तिचं दुसरं दार थेट बाजाराच्या वाटेवर उघडत होतं. आप्पांनी घर बघितलं ते त्या दारासाठी. उरलेलं घर नुसतं सोबत आलं म्हणा ना. आणि त्याच खोलीला कुलूप होतं.

‘हे कुलूप कुणाचं?’ आप्पांनी विचारलं. मी त्यांच्या सोबत होते, म्हणून हे मला ऐकीव नाही.

‘वयनीचं हाय,’ मन्मथप्पा म्हणाला. ‘थोरल्या भावाची बायकू, गिरजाबाई. भाऊ गेला, लेकरूबाळ न्हाई. ती गेली नेकनूरला माहेराला. चार गाडगी-मडकी असतील, घिऊन जाईल की.’

‘तिची सही कावून न्हाई घेत?’

‘आप्पा, बाईमानसाची सही कशाला? घर मर्दाच्या नावावर हाय. भावकीच्या सह्या घ्या, हव्या तेवड्या.’

आप्पांनी मान हलवली. प्रश्न विचारला होता, उत्तर मिळालं होतं. उत्तर खरं आहे का हे नेकनूरला जाऊन विचारायला हवं होतं, आणि नेकनूरला तर त्यांची दर आठवड्याला फेरी होती. तेवढं त्यांनी केलं नाही. हळकुंड मोडून बघितलं नाही. मला वाटतं, त्यांना उत्तर तेच हवं होतं. बीडला जाऊन बैनामा झाला. खरेदीखताला तेव्हा बैनामा म्हणायचे आणि सगळा कारभार उर्दूत चालायचा. आप्पांना बाजारच्या कामापुरती उर्दू वाचता यायची, त्यांनी कागद बोट ठेवून वाचला. त्यात लिहिलं होतं, घर रिकामं आहे आणि कुणाचा काही दावा नाही.

आम्ही राहायला येऊन आठच दिवस झाले असतील. कुलूप तोडायचं का, यावर आप्पा आणि माय यांचं बोलणं चालू होतं, एवढ्यात दारात एक बैलगाडी थांबली. एक बाई उतरली. पन्नाशीची असेल, काटक, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, हातात एक बोचकं. तिनं आमच्याकडं बघितलं, चौकात टांगलेल्या आमच्या धोतरा-लुगड्यांकडं बघितलं. काही बोलली नाही. पदराची गाठ सोडून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि आत गेली. आतून झाडल्याचा आवाज आला, मग मडकी हलवल्याचा. थोड्या वेळानं ती गोवरीचा तुकडा हातात घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि मायला म्हणाली, ‘इस्तव द्या गं बाई जरासा. भावजयीच्या बाळंतपनाला गेलते, चूल इझली माजी.’

विस्तव मागायला आलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत. मायनं चिमट्यानं निखारा उचलून तिच्या गोवरीवर ठेवला. संध्याकाळी आप्पा आले आणि सगळा उलगडा झाला. तिचा नवरा गेला तेव्हा समाजाचे पंच बसले होते आणि त्यांनी मन्मथप्पाच्या देखत सांगितलं होतं, की गिरजाबाईनं मरेपर्यंत या खोलीत राहावं, आपली चूल आपण पेटवावी. कागद नव्हता. पंचांच्या शब्दाला कागद कोण मागतो? चार पंचांतले तीन तोवर वारले होते आणि चौथा म्हातारा असा झाला होता की स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हता. मन्मथप्पा तर घर विकून गेला तो गेलाच.

‘मला कुनी इचारलंच न्हाई,’ ती आप्पांना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘तुमी घर घेतलं, मालक झाले, माजं काय म्हननं न्हाई. मी मेल्यावर खोली तुमचीच हाय. तवर मला राहू द्या.’

आप्पांचा चेहरा मला आठवतो. फसला गेलेला माणूस ज्यानं फसवलं त्याच्यावर चिडतो असं आपल्याला वाटतं; तो समोर सापडेल त्याच्यावर चिडतो.

मग आम्ही एका छपराखाली राहू लागलो. आप्पा पुन्हा तट्टू घेऊन बाजार करू लागले, आणि थंडी पुन्हा भरू लागली. माझं मात्र त्या दिवसांत फार बरं चाललं होतं, हे सांगायला मला लाज वाटते. मी तेव्हा अकरा वर्षांची. पहाटे मला जाग यायची ती भिंतीपलीकडून येणाऱ्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. गिरजाबाईला मी काकू म्हणायचे. काकूचा हात जड होता, परातीवर थाप अशी पडायची की आमच्या भिंतीतल्या कोनाड्यातली पळी हलायची. मी अंथरुणात पडल्या पडल्या थापांवरून ओळखायचे, आज दोन भाकरी की तीन. तीन असल्या की तिसरी माझी. काकूच्या हातची येसराची आमटी, वर करडईच्या कच्च्या तेलाची धार, अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या. साधंच खाणं, पण तिच्या मातीच्या चुलीवर त्याला जी चव यायची ती मला पुढं कुठं मिळाली नाही. मायला ते ठाऊक होतं. ती मला रागवायची नाही. एवढंच म्हणायची, ‘तिचं किती खातीस गं, तिला तरी कोन आणून देतंय?’ सोमवारी काकू दिवसभर उपाशी राहायची आणि संध्याकाळी महादेवाला नैवेद्य दाखवून जेवायची. त्या दिवशीही तिची चूल संध्याकाळी पेटायचीच. तिची चूल पेटली नाही असा एकही दिवस मी पाहिला नव्हता. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे.

आप्पांनी तिला खोली सोडायला सांगून पाहिलं, मागची बळदाची खोली घे म्हणाले. ती म्हणाली, पंचांनी मला ही दिली, मी हीच जाणते. मग तिच्या नेकनूरच्या भावानं तिच्या वतीनं बीडला दावा लावला, आणि आप्पा वकील करून आले. वकिलानं त्यांना सांगितलं होतं, की बाई तिथं राहते हे तर आंधळ्यालाही दिसेल. प्रश्न एवढाच, की स्वतःच्या हक्कानं राहते की तुमच्या आसऱ्यानं. कोर्टाचा अमीन जागेवर येईल, पंचनामा करील, आणि तो काय बघेल तर चूल. वेगळी चूल पेटत असेल तर बाईचा कब्जा. बाई तुमच्या ताटात जेवत असेल तर ती पाहुणी, आणि पाहुण्याला घराबाहेर काढता येतं.

आता नोटिशीचं सांगते. बीडहून चपराशी आला, एक कागद काकूला दिला, एक आप्पांना. कागद उर्दूत. गावात उर्दू वाचणारे दोघंच, एक पटवारी आणि एक आमचे आप्पा. पटवारी फिरतीवर गेला होता. काकू तिचा कागद घेऊन आमच्याच दारात आली. आज कुणी ऐकलं तर हसेल, की जिचा दावा तीच कागद वाचून घ्यायला प्रतिवादीच्या दारात गेली. पण तिच्या लेखी दावा वेगळा आणि शेजार वेगळा. वाचता येणाऱ्यानं वाचून द्यायचं असतं, विस्तव मागणाऱ्याला द्यायचा असतो तसं.

‘काय लिवलंय बगा, आप्पा.’

आप्पांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘अमीनसायब येनार हायती म्हनं. अजून लई अवकाश हाय. फुडच्या म्हैन्यात.’

‘बरं,’ काकू म्हणाली आणि कागदाची घडी करून ती चोळीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बळदाच्या खोलीत शेंगा फोडत बसले होते आणि माय-आप्पा चौकात बोलत होते. मी आत आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

‘येत्या गुरवारी येतोय अमीन,’ आप्पा म्हणाले. ‘त्याच दिशी घरभरनी करू. अजून व्हायचीच हाय. स्वामीला बोलवू, समाज जिऊ घालू. अन् तिला चूलबंद आवतन दे.’

चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवणाचं बोलावणं, की आज तुमच्या घरी चूलच पेटवू नका. ते मानाचं बोलावणं असतं. घेतल्यावर चूल पेटवली तर बोलावणाऱ्याच्या अन्नाचा अपमान होतो, म्हणून बायका त्या दिवशी चुलीतली राख काढून, चूल शेणानं सारवून ठेवतात.

‘असं आवतन कुनी देतं का?’ माय म्हणाली. ‘देवाचं अन्न हाय ते. स्वामीच्या म्होरं त्या बाईला ताटावर बसवायचं, अन्...’

‘मग मी मरू का वड्याच्या काठाला?’ आप्पा एकदम ओरडले. ‘सांग तू. दिंद्रुडचं घर गेलं. हे घर नावाला हाय, दुकानाची जागा तिच्याकडं. तट्टू एकलं घरी येईल, तवा जा पळत!’

मायनं पदर डोळ्याला लावला. मी हातातली शेंग फोडलीच नाही. मला सगळं कळलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं लोक म्हणतात. अकरा वर्षांच्या मुलीला सगळं कळतं, फक्त तिला कुणी विचारत नाही. मला पुढं विचारलं, आणि तिथंच घात झाला.

बुधवारी आवतन सांगायला मला पाठवलं. मायनं विभूतीची डबी हातात दिली, माझ्याकडं न बघता. मी काकूच्या दारात उभी राहून सांगितलं, ‘काकू, उद्या आमची घरभरनी हाय. तुमाला चूलबंद आवतन.’

काकू जात्यावर बसली होती. तिचा हात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. ‘चूलबंद?’ ती म्हणाली. ‘मायनं सांगितलं तुझ्या?’ मी मान हलवली. ‘पारे, दावा चाललाय आमचा, तरी मला चूलबंद आवतन दिलं गं तिनं. मानसं वंगाळ न्हाईत तुझी. येळ वंगाळ हाय.’ तिनं डबीतली विभूती कपाळाला लावली आणि माझ्याही लावली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नुसतं ‘काकू, उद्या चूल पेटव’ एवढं पुरलं असतं. मी घरी पळत आले.

गुरुवारी पहाटे भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मी जागीच होते. आमच्याकडं मात्र उजाडायच्या आधीपासून धांदल. पुरण शिजत होतं, येळवणीच्या आमटीला फोडणी बसत होती, शेजारच्या चार बायका पोळ्या लाटायला आल्या होत्या. काकूही आली, धुतलेलं लुगडं नेसून. मायच्या शेजारी बसून पोळ्या शेकायला तिनं सुरुवात केली. माय तिच्याकडं एकदाही वळली नाही. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून सारखी पदर लावत होती. स्वामींची पाद्यपूजा झाली, पंगत बसली. गल्लीतली आमच्या समाजाची सगळी घरं पंगतीला होती. काकूनं पहिला घास घेतला असेल नसेल, आणि दारात घोडं थांबलं.

अमीनसाहेब वयस्क होते, पांढरी दाढी, शेरवानीला धूळ. माणूस वाईट वाटला नाही. पंगत बसलेली बघून ते ढेळजेतच थांबले, म्हणाले, जेवण होऊ द्या. आप्पाच म्हणाले, नाही नाही, आपलं काम करा. साहेबांबरोबरच्या कारकुनानं काकूचं नाव पुकारलं. काकू उष्ट्या हातानं उभी राहिली. तिला आधी काही कळेना. मग तिनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मान खाली घातली. तेव्हा तिला कळलं, असं मला वाटतं.

साहेबांनी खोलीचं दार ढकललं. चूल सारवलेली, गार, राखेचा कण नाही. तवा भिंतीला टेकवून ठेवलेला.

‘बाई, खाना कहाँ खाते तुम?’ साहेबांनी विचारलं.

‘माज्या चुलीवर सायब,’ काकू म्हणाली. ‘रोज. आज चूलबंद आवतन हाय म्हनून पेटीवली न्हाई. इचारा कुनालाबी. रोज पेटती माजी चूल.’

साहेब पंगतीकडं वळले. ‘सच है?’ पंगतीतल्या प्रत्येक पत्रावळीवर आमची पोळी होती. शेजारचे बापे पोळीकडं बघत राहिले, बायकांनी पदर पुढं ओढले. भरल्या ताटावर बसून यजमानाच्या विरुद्ध कोण बोलेल? कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच असेल, तर त्या मिठाची मला आजही शिसारी येते.

साहेब वैतागले. त्यांची नजर माझ्यावर आली. मी तुपाचा तांब्या आणि पळी घेऊन उभी होते. ते वाकले आणि त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, ‘बेटी, लेकरं खोटं नाही बोलत. तू सांग. ही बाई कुठं जेवते?’

सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. माय चुलीपाशी होती, तिचं तोंड मला दिसलं नाही. काकू माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं होतं. तिला वाटलं, पारू सांगेल. तिसरी भाकरी खाणारी पारू.

‘आमच्यात,’ मी म्हणाले. ‘काकू रोज आमच्यातच जेवती.’

मी भ्याले होते, असं मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, मुलींना सांगितलं, कपिलधारला महादेवापुढं उभी राहून त्यालाही सांगितलं. एवढी माणसं, तो सरकारी साहेब, मागं आप्पा. लेकरू होते, भ्याले.

कारकुनानं लिहून घेतलं आणि माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला. काकू पंगतीला परत गेली नाही. तिनं चौकातल्या रांजणातलं पाणी घेऊन हात धुतला, चूळ भरली. जाताना मी वाटेत होते. मला वाटलं, शिव्या देईल. ती हळूच म्हणाली, ‘जेवले की गं मी तुमच्यात. एक घास जेवले.’ आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

निकाल लागायला पावसाळा उलटला. त्या सगळ्या दिवसांत तिनं आमच्याशी भांडण केलं नाही, आणि तिच्या दारात मी गेले नाही. पहाटे थापा ऐकू यायच्या, दोनच भाकरींच्या. मी उशीत कान खुपसून पडायचे. निकाल आमच्या बाजूनं लागला. ताबा द्यायला बीडहून शिपाई येणार त्या दिवशी नेकनूरहून तिचा भाऊ गाडी घेऊन आला. तिनं जातं, परात, तवा गाडीत चढवला. लोक घर सोडताना आपली चूल फोडून जातात, दुसरीच्या हाती जाऊ नये म्हणून. तिनं फोडली नाही. शेवटी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आली, पहिल्या दिवशी उभी राहिली होती तिथंच, आणि मायला म्हणाली, ‘बाई, आल्या दिशी तुमच्यातून इस्तव नेलता. चुलीत ठिवलाय. जिता हाय.’

मायनं भिंतीला धरलं. गाडी गेल्यावर शिपाई आला. खोलीत चुलीत निखारे लाल होते, भाकरीचा वास अजून भरून राहिला होता. तो चुलीशेजारून गेला, भिंती मोजल्या, बाहेरचं दार उघडून बघितलं, आप्पांची सही घेतली आणि गेला. त्या दिवशी चूल बघायचं काम त्याच्याकडं नव्हतं.

काकू पुढच्या उन्हाळ्यात नेकनूरला वारली. भावजयीशी पटलं नाही, देवळाच्या ओवरीत राहायची, असं कुणीतरी बाजारकऱ्यानं येऊन सांगितलं. माय त्या दिवशी जेवली नाही. आप्पांनी खोलीत दुकान थाटलं, ते चाललंही. हिवताप काही गेला नाही. दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या त्यांना थंडी भरायची आणि ते सांगायचे, बाहेर वारं सुटलंय, दार लावा. ते त्या गादीवरच गेले. चुलीवर त्यांनी मिठाचं पोतं ठेवलं होतं.

हे लिहायचं कारण असं, की गेल्या महिन्यात माझ्या भाच्यानं, धाकट्या भावाच्या मुलानं, ते घर विकायला काढलं. घरात माझाही हिस्सा निघतो म्हणून माझी सही हवी होती. वकील तरुण होता, भराभर विचारत होता. घरावर बोजा आहे का, वारस किती, कुणाची वहिवाट आहे का, कुणाचा राहण्याचा हक्क आहे का. मी म्हणाले, एका बाईचा होता. त्यानं विचारलं, त्या आहेत का? नाहीत, म्हटल्यावर म्हणाला, मग हक्क संपला, आजी. कायद्यानं तो बरोबरच होता. काकूही आप्पांना तेच म्हणाली होती, मी मेल्यावर खोली तुमचीच.

जुन्या कागदांच्या बासनात बैनाम्याखाली तो पंचनामा निघाला. वकिलाला उर्दू येईना, म्हणून भाच्यानं गावातले एक निवृत्त मास्तर बोलावले. त्यांनी चष्मा लावून मराठी करत करत वाचलं. खोली इतक्या हातांची, चूल थंड, राख नाही. मग माझा जबाब. ‘खरेदीदाराची मुलगी, वय अंदाजे अकरा. तिनं बिला खौफ सांगितलं, की बाई रोज आमच्यात जेवते.’

‘म्हणजे काय?’ मी विचारलं.

‘बिला खौफ म्हणजे न भिता,’ मास्तर म्हणाले. ‘तसं लिहायची रीतच असते आजी. सगळ्याच जबाबांत असतं ते. त्यात काही अर्थ नसतो.’

कागदावर खाली माझा अंगठा होता, लहानसा, शाई पिवळी पडलेली. तो बघितला आणि मला ते आठवलं जे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलींना सांगितलं नव्हतं आणि महादेवालाही सांगितलं नव्हतं. एवढी मोठी माणसं गप्प बसली होती आणि साहेबानं मला विचारलं होतं. माझी छाती फुगली होती. तो शाईचा अंगठा मी दोन दिवस धुतला नाही, गल्लीतल्या पोरींना दाखवत फिरले.

‘साहेबांनी बरोबर लिहिलंय,’ मी मास्तरांना म्हणाले, आणि वकिलानं दाखवली तिथं सही केली.